इम्पेलर नवा, इंजिन तरी गरम: स्टर्न ड्राइव्हच्या पाण्याची वाट बदलताना

आमच्या बोटीचं दुखणं ऐकायला साधं होतं. मांडव्याची जेटी सोडली की तापमानाची सुई ६५ अंशांवर गप्प बसलेली असायची. चॅनेलमध्ये येऊन ३,२०० आरपीएमवर दहा-बारा मिनिटं झाली की ती ७५ वर, मग ८५ वर, आणि मुंबईच्या इमारती नीट दिसायला लागेपर्यंत भोंगा सुरू. इंजिन हळू केलं की पाच मिनिटांत सुई परत जागेवर. पाण्याच्या पंपातलं रबरी पात्यांचं चाक, म्हणजे इम्पेलर, बदलला की महिना-दीड महिना सुखाचा जायचा, मग एखाद्या रविवारी पहिले पाढे पंचावन्न. दोन हंगामांत चार इम्पेलर झाले. चौथ्या खेपेला मिस्त्री म्हणाला, "साहेब, आता डझनाने घ्या, स्वस्त पडतील." आपण नुसती तापाची गोळी देत बसलोय, हे तेव्हा कळलं.

पुढच्या पावसाळ्यात आम्ही पंपाची जागा बदलली. तरीही इंजिन तापलं, उलट जास्त विचित्र तापलं. ते का, एवढ्यासाठीच मुख्यतः हे लिहितोय, कारण तीच चूक करायला निघालेले तीन जण मला वर्षभरात भेटलेत.

आधी बोटीची कुंडली. १९ फुटी फायबरची बोट, ४.३ लिटरचं व्ही-६ पेट्रोल इंजिन, मर्क्रूझरचा अल्फा वन ड्राइव्ह, दुसऱ्या पिढीचा. हीट एक्स्चेंजर नाही, समुद्राचंच पाणी थेट ब्लॉकमधून फिरतं. तिघांनी मिळून जुनी घेतलेली. ऑक्टोबर ते मे मुरिंगवर, म्हणजे कायमच्या नांगराला बांधून, पाण्यातच उभी, पावसाळ्यात वर.

पाणी कुठून येतं

स्टर्न ड्राइव्हमध्ये इंजिन बोटीच्या पोटात असतं आणि मिस्त्री लोक ज्याला लेग म्हणतात तो भाग मागच्या फळीच्या, म्हणजे ट्रान्समच्या बाहेर लटकतो. पाणी त्या लेगच्या दोन्ही गालांवरच्या चिरांतून आत येतं. अल्फामध्ये पंप त्या चिरांच्या जवळजवळ डोक्यावरच, लेगच्या आत, ड्राइव्हच्या उभ्या शाफ्टवर बसलेला असतो. तिथून पाणी नळीने वर चढतं, ड्राइव्हच्या वरच्या भागातून आणि बेल हाउसिंगमधून (ड्राइव्हला ट्रान्समशी जोडणारा भाग) ट्रान्सम ओलांडतं, रबरी होजने पॉवर स्टिअरिंगच्या कूलरमधून थर्मोस्टॅटच्या, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडणाऱ्या झडपेच्या, डब्यात पोचतं. ब्लॉकमध्ये ते फिरवायला इंजिनावर दुसरा पंप असतो. शेवटी धूर बाहेर नेणारे बिडाचे भाग, म्हणजे मॅनिफोल्ड आणि रायझर, तिथे धुरात मिसळणं आणि प्रोपेलरच्या मधल्या भोकातून बाहेर.

मर्क्रूझरच्याच ब्राव्हो ड्राइव्हमध्ये लेगात पंप नसतो. पंप इंजिनासमोर पट्ट्यावर फिरतो आणि पाणी लेगमधून ओढून घेतो. व्होल्वो पेंटाच्या एसएक्स ड्राइव्हवरही पंप इंजिनावरच. म्हणजे एका जातीत पाणी खालून ढकललं जातं, दुसऱ्या जातीत वरून ओढलं जातं. हा फरक लक्षात ठेवा, पुढचं सगळं त्याच्यावर आहे.

अल्फाची रचना वाईट आहे असं माझं म्हणणं नाही. पंप पाण्यातच बुडालेला असल्याने त्याला पाणी ओढून वर आणावं लागत नाही, पट्टा तुटायची भीती नाही. तळ्यावर दिवसभर फिरून संध्याकाळी ट्रेलरवर घरी जाणाऱ्या बोटीला याहून सोपं काही नाही. मुंबई बंदराच्या गढूळ पाण्यात आठ महिने उभ्या राहणाऱ्या बोटीचं गणित मात्र वेगळं.

काही कापण्याआधी जे तपासलं

पहिला सल्ला जेटीवर सगळेच देतात: "थर्मोस्टॅट काढून टाका." काढू नका. समुद्राच्या पाण्यावर थेट चालणाऱ्या इंजिनाला ६० अंशांच्या आसपासचा थर्मोस्टॅट असतो, कारण पाणी ७० च्या पलीकडे गेलं की त्यातले क्षार ब्लॉकच्या भिंतीला धरू लागतात. थर्मोस्टॅट काढला की हळू चालताना इंजिन गारठतं, पेट्रोल नीट जळत नाही आणि तेलात उतरतं. वर मूळ रोग झाकला जातो तो वेगळाच. पातेल्यात पाणी तापवून, थर्मामीटर लावून तो कधी उघडतो ते बघा. वीस मिनिटांचं काम आहे. आमचा ठीक निघाला.

मग सुईच खोटं बोलतेय का, हे पाहायला बंदुकीसारखा इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला. ही वस्तू नसेल तर आधी ती घ्या, पुढचं नंतर वाचा. थर्मोस्टॅटच्या डब्यावर तो सुईच्या जवळपासच आकडा दाखवत होता, म्हणजे सुई खरी. दोन्ही रायझरवर धरला. एक रायझर गरम आणि दुसरा थंड असता तर गरम बाजूचा रायझर किंवा मॅनिफोल्ड आतून गंजून बुजलाय असा अर्थ झाला असता. खाऱ्या पाण्यात बिडाचे रायझर चार-पाच वर्षांत संपतात, आणि आतून फुटले तर पाणी थेट सिलिंडरमध्ये उतरतं, म्हणून त्यांचं वय माहीत नसेल तर काढून बघाच. आमच्याकडे दोन्ही बाजू सारख्याच तापत होत्या. म्हणजे वाटप बरोबर, पुरवठाच कमी.

इथे खरी किल्ली शेजारच्या मुरिंगवरच्या तांडेल काकांनी दिली. त्यांनी इंजिनाकडे बघितलंही नाही. विचारलं, "तुमची बोट अष्टमीला कधी तापलीय का?" मी हसलो. पण घरी येऊन लॉगबुक कालनिर्णयाशी ताडून पाहिलं तर अकरापैकी नऊ वेळा भोंगा अमावास्या-पौर्णिमेच्या दोन-तीन दिवस अलीकडे-पलीकडे वाजला होता. उधाणाच्या दिवसांत प्रवाह जोराचा, तळ ढवळलेला आणि ओहोटीला पाणी एवढं खाली की जेटीतून निघताना लेग चिखलाच्या अगदी जवळून जातो. भांगाच्या दिवसांत पाणी त्या मानाने निवळ. आपण आरपीएम आणि तापमान लिहीत होतो, तिथी कुणी लिहिली नव्हती.

मग लेग उतरवला. पंपाच्या खालच्या स्टीलच्या पत्र्यावर गाळाने ग्रामोफोनच्या तबकडीसारखी वर्तुळं कोरली होती. नव्या इम्पेलरची पाती त्या खोबणींवर घट्ट बसतच नव्हती. म्हणून तर दर वेळी महिनाभरच निभायचं. मिस्त्री इम्पेलर बदलायचा, पत्रा आणि इम्पेलर ज्यात फिरतो तो कप तोच ठेवायचा. तुमच्याकडे अजून इतपतच झालं असेल तर पूर्ण संच बदला: कप, पत्रा, गॅस्केट, इम्पेलर, आणि त्याला शाफ्टवर पकडणारी चावी. कदाचित तुमचं काम तिथेच संपेल.

आमचं संपलं नाही, कारण चिरांच्या आत बार्नॅकल होती. तीच पांढरी टोकदार कवचं, जी खडकावर पाय घासला की रक्त काढतात. चिरांच्या तोंडाशी असलेली खरवडून निघाली, वरच्या नळीत आणि ड्राइव्हच्या पोटातली निघेनात. आणि ती होणारच होती. फायबरच्या बुडाला तांब्याचा अँटिफाउलिंग रंग चालतो, पण ड्राइव्ह ॲल्युमिनियमचा. त्यावर तांब्याचा रंग लावला तर समुद्राच्या पाण्यात दोन धातूंची बॅटरी तयार होते आणि ड्राइव्हच खायला लागते. ॲल्युमिनियमसाठी तांबं नसलेला रंग मिळतो, तो आम्ही लावतोही, पण चिरेच्या आत ब्रश जात नाही.

एक भुरटी गोष्टही सापडली. मागच्या इम्पेलरची तुटलेली दोन पाती पॉवर स्टिअरिंगच्या कूलरच्या तोंडाशी आडवी बसलेली होती. इम्पेलर फाटलेला निघाला तर पाती मोजा. जी कमी आहेत ती पुढे कुठेतरी अडकलेली असतात, आणि बहुतेक वेळा याच कूलरमध्ये.

पहिला बदल

ठरलं की पंप वर आणायचा, जिथे हात पोचतो. क्रँकच्या पुलीवरून पट्ट्याने फिरणारा रबरी पात्यांचा पंप, ब्रॅकेटसकट. लेगमधला इम्पेलर आणि त्याची चावी काढून टाकली, कप आणि सील तसेच ठेवले. इम्पेलर आत ठेवून वर दुसरा पंप लावायचा विचार कुणी करत असेल तर आवरा. वाटेत पाणी कमी पडलं की आतला कोरडा फिरून वितळतो.

पाणी मात्र त्याच जुन्या वाटेने, लेगमधूनच ओढायचं ठरवलं. ब्राव्होमध्ये तसंच असतं ना, मग इथे का नाही? शिवाय बुडाला भोक पाडायला कुणाचाच हात धजत नव्हता.

सप्टेंबरअखेर बोट पाण्यात गेली. पहिल्या दिवशी मजा अशी की पूर्वी वेगात तापायची ती आता जेटीला बांधून, ७०० आरपीएमवर नुसती उभी असताना तापायला लागली. वेगात गेली की थोडी बरी, पण सुई झोपाळ्यावर बसल्यासारखी, ६० वरून ८०, पुन्हा ६०. इंजिनातून मधेच गुळगुळ आवाज. नवा पंप काढून पाहिला, पाती कोवळी करकरीत. आम्ही तिघं एकमेकांकडे बघत बसलो.

झालं होतं ते असं. जुन्या रचनेत पंप सगळ्यात खाली होता, त्याच्या पुढची अख्खी वाट दाबाखाली होती. एखादा सांधा सैल असला तर तिथून पाणी ठिबकायचं. ते दिसायचं, आणि दोन-चार थेंबांनी इंजिनाचं काही बिघडायचं नाही. पंप वर नेल्यावर तीच वाट, तेच वीस वर्षांचे सांधे, ओढीखाली आले. आता सैल सांध्यातून पाणी बाहेर येत नाही, हवा आत जाते. बाहेरून सगळं कोरडं, सुरेख दिसतं. हवा दिसत नाही, ठिबकत नाही, आणि रबरी पंपाला मूठभर हवा मिळाली की तो पाणी सोडून तीच घुसळत बसतो. हळू चालताना पंपाची ओढ आधीच कमी, म्हणून उभ्या बोटीत आधी ताप.

ब्राव्होमध्ये हे जमतं, कारण तिथली वाट पहिल्यापासून ओढीसाठीच बेतलेली असते आणि पाण्याला जागाही ऐसपैस असते. अल्फाची वाट ढकललेल्या पाण्यासाठी आहे, अरुंद आहे, वळणांची आहे. आमच्या वाटेत तर बार्नॅकलही मुक्कामाला होती.

हवा कशी पकडायची

हा भाग सावकाश वाचा. पंप इंजिनावर असलेल्या कुठल्याही बोटीला हे लागू आहे, मूळचा असो की तुम्ही बसवलेला.

ट्रान्सम आणि पंप यांच्यामधला हातभर होज काढून तिथे तेवढाच पारदर्शक, जाळीदार पीव्हीसीचा तुकडा लावा. फक्त तपासणीपुरता, कायमचा नाही, कारण गरम इंजिनखोलीत तो मऊ पडून चपटतो. इंजिन चालवा आणि बघा. एखाद-दुसरा बुडबुडा सोडून द्या. सोड्याच्या बाटलीसारखी संततधार असेल तर हवा येतेय. उभ्या बोटीतही येत असेल तर एखादा सांधा किंवा सील गळतंय. फक्त वेगात येत असेल तर तोंडाशीच फेसाळ पाणी मिळतंय, किंवा ड्राइव्ह जास्त वर ट्रिम केल्याने, म्हणजे वर तिरका उचलल्याने, चिरा पाण्याबाहेर डोकावताहेत. गॅस वाढवल्याबरोबर बुडबुडे वाढत असतील आणि त्या होजमधलं पाणी समुद्रापेक्षा स्पष्ट गरम असेल, तर ती हवा नाही, धूर आहे. ड्राइव्ह आणि बेल हाउसिंग यांच्यामधल्या गॅस्केटपाशी धुराची आणि पाण्याची वाट शेजारी-शेजारी असते. तिथलं सील गेलं की एकीतलं दुसरीत जातं.

बोटीच्या आतले सांधे तपासायला दाढीचा फेस वापरा. इंजिन हळू चालू ठेवून प्रत्येक क्लिपभोवती, पंपाच्या झाकणाभोवती, गाळणी असेल तर तिच्या झाकणाभोवती फेसाची वेढी घाला. ज्या ठिकाणी फेस आत ओढला जाऊन खळगा पडतो, तिथे चोर आहे. पट्ट्यापासून हात आणि बाही लांब ठेवा, हे वेगळं सांगायला नको, पण आमच्यातल्या एकाने टी-शर्टचा कोपरा गमावलाय.

ट्रान्समच्या बाहेरच्या भागाला फेस लावता येत नाही. त्यासाठी बोट वर असताना पंपाकडचं टोक बंद करून, लेगच्या चिरांना रबराचे तुकडे शिकंज्याने दाबून, सायकलच्या पंपाने चार-पाच पीएसआय हवा भरली आणि साबणाचं पाणी मारलं. जास्त दाब नको. गिंबलमधल्या (ट्रान्समवरची, ड्राइव्ह ज्यात वळतो ती चौकट) पाण्याच्या रबरी होजच्या टोकाशी फुगे आले आणि ड्राइव्ह जिथे बेल हाउसिंगला मिळतो तिथेही थोडे. दोन्ही बदललं. गुळगुळ थांबली, उभी बोट तापायची थांबली.

वेगात मात्र अजून ७८ पर्यंत जायची. म्हणून पंपाच्या तोंडाशी एक टी-आकाराचा जोड लावून निर्वाताचा (ओढीचा) गेज बसवला, गॅरेजवाले कार्ब्युरेटर जुळवायला वापरतात तोच. ३,५०० आरपीएमला सुई आठ इंच पाऱ्यावर. पंप जीव तोडून ओढत होता आणि वाट अरुंद होती. होजमध्ये आता तार घातलेली असल्याने तो चपटला नाही एवढंच. तार नसलेला साधा होज ओढीच्या बाजूला कधीही लावू नका. थंड असताना तो ठणठणीत दिसतो आणि वेगात आतल्या आत मिटतो. इंजिन बंद केलं की पुन्हा फुलून निष्पाप.

दुसरा बदल: बुडातून पाणी

पुढच्या पावसाळ्यात धीर केला आणि पाण्याचं तोंड लेगमधून काढून बोटीच्या बुडात आणलं.

जागा निवडायला भोक पाडण्यापेक्षा दसपट वेळ गेला, आणि जायलाच हवा. ट्रान्समपासून साधारण दीड फूट पुढे, मधल्या कण्याच्या शेजारी, बोट वेगात उठली तरी जिथे पाणी राहतं तिथे. बुडाच्या लांबट पट्ट्यांच्या मागे नाही, खोली मोजणाऱ्या यंत्राच्या सेन्सरच्या मागे नाही, कारण त्यांच्या मागे पाणी फेसाळतं. सेन्सर पाण्याच्या तोंडाच्या पुढेही नको आणि मागेही नको, म्हणून तो दुसऱ्या बाजूला नेला. आत पाणी बंद-चालू करणाऱ्या व्हॉल्व्हचा दांडा फिरवायला जागा आहे का, हे आतून पाहून मग बाहेरून खूण करा. उलट केलंत तर स्ट्रिंजर, म्हणजे बुडाची आतली लांब तुळई, आडवा येतो. ट्रेलरच्या फळ्या कुठे टेकतात तेही बघा.

पाण्याच्या तोंडाचं फिटिंग मी काशाचं न घेता काच भरलेल्या नायलॉनचं घेतलं, व्हॉल्व्हही त्याचाच. काशाचं उत्तम असतं, पण ॲल्युमिनियमच्या ड्राइव्हशेजारी आणखी एक धातू पाण्यात सोडून तारांनी जोडत बसायची कटकट नको होती. साधा प्लंबिंगवाला पीव्हीसी व्हॉल्व्ह किंवा घरच्या नळाचा पितळी कॉक पाण्याखाली लावू नका. पितळेतलं जस्त खारं पाणी खाऊन टाकतं, आणि एक दिवस कॉक हातात येतो.

आमचं बूड कण्याजवळ भरीव फायबरचं निघालं. तुमच्या बुडात मध्ये लाकूड किंवा फोमचा थर असेल तर भोकाच्या कडेने तो थर बोटभर कोरून काढा, तिथे इपॉक्सी भरा, वाळू द्या, आणि मग पुन्हा भोक पाडा. हे न केल्यास पाणी त्या थरात शिरतं आणि बूड आतून कुजतं. आत मरीन प्लायवूडचा इपॉक्सी लावलेला गोल ठोकळा बसवला, पाण्याखालचं मरीन सीलंट लावलं. कायमचा चिकटणारा प्रकार वापरला तर पुढे काढताना फायबरसकट निघेल, तेव्हा थोडा मवाळ घ्या.

तोंडापासून गाळणीपर्यंत आणि तिथून पंपापर्यंत सव्वा इंची तारेचा होज, प्रत्येक टोकाला ३१६ स्टीलच्या दोन-दोन क्लिपा, स्क्रू एकमेकांच्या विरुद्ध बाजूंना. गाळणी पारदर्शक भांड्याची, पाण्याच्या पातळीच्या किंचित वर. तिच्या झाकणाच्या ओ-रिंगला सिलिकॉन ग्रीस लावलं. नव्याने गाळणी बसवलेल्या बोटींत हवा सगळ्यात जास्त वेळा याच ओ-रिंगमधून शिरते, कारण झाकण उघडताना तिच्यावर वाळूचा एक कण बसला तरी पुरतो.

राहिली जुनी वाट. ट्रान्सममधून आत येणारा होज कापून त्यात नुसता लाकडी गुडदा ठोकून सोडू नका. ते टोक पाण्याच्या पातळीच्या खाली आहे, म्हणजे ते बुडाला पाडलेल्या भोकाइतकंच गंभीर आहे. आम्ही नायलॉनचा भरीव प्लग, दोन क्लिपा आणि नवा होज लावला. दर हंगामात तो होज दाबून बघतो.

पाण्यात गेल्यावर ३,५०० आरपीएमला निर्वात दोन इंचांच्या जरा खाली, तापमान ६४. एप्रिलच्या दुपारी, समुद्र कोमट असताना, ६७. उधाणाच्या ओहोटीला गाळणीत चिखल दिसतो, सुई हलत नाही.

बदलल्यानंतर ज्या सवयी बदलाव्या लागतात

लेगला कानपट्ट्यांसारखे रबरी कप लावून गोड्या पाण्याने धुणं आता चालत नाही, चिरांमधून इंजिनाकडे काही जातच नाही. व्हॉल्व्ह आणि गाळणीच्या मध्ये एक टी ठेवा, त्याला बागेचा पाइप जोडा, व्हॉल्व्ह बंद करा. आधी इंजिन चालू, लगेच नळ चालू. बंद करताना आधी नळ, मग इंजिन. इंजिन बंद असताना नळ चालू राहिला तर पाणी पंपाच्या पात्यांमधून सरकत मॅनिफोल्ड भरतं आणि तिथून सिलिंडरमध्ये उतरू शकतं. असं इंजिन स्टार्टर मारताच कनेक्टिंग रॉड वाकवून घेतं.

तोंडाच्या चिरा पुढच्या बाजूला असतील तर बोट कुणी दोरीने ओढून नेताना व्हॉल्व्ह बंद करा. वेगामुळे पाणी आत घुसत राहतं, इंजिन बंद असल्याने धुराच्या वाटेने ते बाहेर फेकलं जात नाही, आणि परिणाम वरच्यासारखाच. व्हॉल्व्ह बंद केला की इंजिनाची किल्ली त्याच्या दांड्याला अडकवून ठेवतो, म्हणजे बंद व्हॉल्व्हवर कुणी इंजिन सुरू करणार नाही.

पट्टा तुटला तर पाणी बंद. ही अल्फाला नसलेली नवी काळजी आहे. जादा पट्टा, जादा इम्पेलर, झाकणाचं गॅस्केट आणि तो पट्टा चढवायला लागणारा पाना एकाच डब्यात. नवा इम्पेलर घालताना ग्लिसरीन किंवा भांड्यांचा द्रवसाबण लावा. ग्रीस नको, खनिज तेलाने रबर फुगतं.

ड्राइव्हमधून आता थंड पाणी फिरत नाही, म्हणून त्याचं तेल जास्त तापतं का ही शंका रास्त आहे. मी पहिले दोन महिने प्रत्येक फेरीनंतर ड्राइव्हच्या वरच्या डोक्यावर थर्मामीटर धरला. आमच्या इंजिनाला आणि आमच्या वेगाला फरक मामुली पडला. मोठं व्ही-८ इंजिन पूर्ण गॅसवर दामटणारे लोक ड्राइव्हवर पाणी शिंपडणारी नळी वेगळी लावतात. तुम्ही त्या जातीचे असाल तर ती धरूनच खर्च मांडा. ड्राइव्हचं तेल तर हंगामाला बदलाच. ते दुधाळ दिसलं तर हा लेख बाजूला ठेवून आधी सील बघा.

हे सगळं करू नये असेही लोक आहेत. बोट ट्रेलरवर घरी जाते, गोड्या पाण्यात चालते, पंपाचा पूर्ण संच दोन-तीन हंगाम टिकतो, तर बुडाला भोक पाडायचं काही कारण नाही. इंजिन वॉरंटीत असेल तर विक्रेत्याला लेखी विचारा. प्रवासी वाहतुकीला लावलेली बोट असेल तर पाण्याखाली नवं भोक पाडण्याआधी सर्व्हेअरशी बोला, विमा कंपनीला कळवा. नंतर सांगून चालत नाही.

मागच्या महिन्यात पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी मांडव्याहून निघालो आणि जेटीपासून दोनशे मीटरवर सुई पाच अंश वर सरकली. इंजिन बंद, नांगर टाकला, व्हॉल्व्ह बंद, गाळणीचं झाकण उघडलं. वेफर्सचं निळं पाकीट घडी घालून ठेवल्यासारखं जाळीवर बसलेलं. काढलं, ओ-रिंग पुसली, झाकण लावलं, व्हॉल्व्ह उघडला. चार मिनिटं. पूर्वी एवढ्याच कामासाठी लेग उतरवायला लागला असता, आणि त्याआधी ओहोटीला कुणीतरी कमरेएवढ्या चिखलात उभं राहायला लागलं असतं. ते कोण, यावर आमच्या तिघांत कधी एकमत झालं नाही.